खेळाचा संगणक : एका अंदाजपत्रकाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

माणसाच्या गरजा अनेक असतात, साधने मर्यादित असतात आणि त्या साधनांचे पर्यायी उपयोग असतात, असे रॉबिन्स ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडले. हे आपण सर्वांनी प्रथम वर्षात पाठ केले आहे. त्यानंतर पाठ्यपुस्तक लगेच सफरचंदांकडे वळते. पहिल्या सफरचंदाने किती समाधान, दुसऱ्याने किती, पाचव्याने किती. आमच्या गावात एका बैठकीत पाच सफरचंदे खाणारा मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही, त्यामुळे हा सिद्धान्त मला परीक्षेपुरताच कळला होता. तो खऱ्या अर्थाने कळला तो संगणक घेण्याच्या निमित्ताने. म्हणून प्रस्तुत लेखात मर्यादित रकमेत खेळासाठी पहिला संगणक घेताना त्याचे सुटे भाग कसे निवडावेत, ह्याचा विचार करावयाचा आहे. आपल्या महाविद्यालयातील अनेकांच्या मनात हा विषय आहे, पण घरी विचारण्याजोगे कोणी नाही, अशी त्यांची अवस्था मी जाणतो. माझ्याही घरी नव्हते.

प्रथम साधनांविषयी. आमची एकूण रक्कम ४०,००० रुपये. त्यांपैकी १६,००० रुपये मी दोन हंगाम द्राक्षांच्या पॅकिंगवर सकाळच्या पाळीत जाऊन साठवलेले, ९,००० रुपये घरचा बोकड विकून आलेले आणि १५,००० रुपये आईच्या भिशीचे. ह्या भिशीच्या पैशाला पर्यायी उपयोग होता. स्वयंपाकघरावरील पत्रे गळतात. ते बदलावयाचे होते. आईने पत्रे वर नीट पाहिले, दोन ठिकाणी डांबर लावून घेतले आणि “एक पावसाळा काढतील अजून,” असे म्हणून पैसे दिले. ज्याला पाठ्यपुस्तकात संधी-परिव्यय म्हणतात तो आमच्या बाबतीत असा डोक्यावरच होता. सबब ह्या रकमेतील एकही हजार भपक्यावर जाऊ नये, अशी माझी प्रतिज्ञा होती.

अनेक हितचिंतकांनी मला सल्ला दिला की, घरी “अभ्यासासाठी पाहिजे” असे सांग. मी तसे सांगितले नाही. अभ्यास, टंकलेखन, अर्ज भरणे हे त्यावर होईलच. परंतु मला आणि धाकट्या भावाला त्यावर खेळावयाचे आहे, हे मी स्पष्ट सांगितले. श्रीमंताच्या मुलाने खेळावे आणि आमच्यासारख्यांनी प्रत्येक वस्तू अभ्यासाच्या नावाखालीच घरात आणावी, हा न्याय मला मान्य नाही. आता मूळ विषयाकडे वळू.

बहुतेक जण दुकानात जाऊन “गेमिंगचा पीसी दाखवा” म्हणतात. हे म्हणजे कापडाच्या दुकानात जाऊन “कपडा दाखवा” म्हणण्यासारखे झाले. आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : कोणते खेळ आणि किती मोठ्या पडद्यावर. येथे पडदा म्हणजे इंच नव्हेत, तर ठिपके. जुन्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे १०,४९,०८८ ठिपके असतात. आज सर्वत्र रूढ असलेल्या १०८० च्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. ‘फोर के’ म्हणून जो पडदा जाहिरातीत दिसतो त्यावर त्याच्या बरोबर चौपट, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. खेळ चालू असताना हे सर्व ठिपके संगणकाला सेकंदातून ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी. पडदा मोठा घेतला की राबणाऱ्या यंत्राचे काम त्याच प्रमाणात वाढते, हे ध्यानात ठेवले की निम्मा मोह आपोआप आवरतो. आमच्यासाठी १०८० चा पडदा ही मर्यादा मी आखून घेतली.

खेळांचेही दोन वर्ग पडतात. ‘व्हॅलोरंट’ (२०२०) किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ (२०२३) हे स्पर्धेचे खेळ. ते फुकट मिळतात व मध्यम यंत्रावर चालतात. दुसरा वर्ग ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ सारख्या प्रचंड कथांचा. त्याची संगणकावरील आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि ती एकटी साठवणुकीत १५० जीबी जागा मागते. जाता जाता सांगावेसे वाटते की ‘राजी’ हा २०२० मध्ये आलेला, आपल्या पुराणकथांच्या वातावरणात घडणारा खेळ पुण्याच्या एका संस्थेने तयार केलेला आहे. तो कित्येकांना विदेशी वाटतो.

आता सिद्धान्ताचा प्रश्न येतो. समसीमान्त उपयोगितेचा नियम सांगतो की, प्रत्येक वस्तूवर खर्च केलेल्या शेवटच्या रुपयापासून मिळणारे समाधान सारखे व्हावे, अशा बेताने पैसा वाटावा. मी वहीत तसा तक्ता मांडला होता. परंतु संगणकाच्या भागांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. कारण ते चहा व साखर ह्यांसारखे पूरक आहेत, एकमेकांचे पर्याय नव्हेत. खिलारी बैलाच्या जोडीला म्हातारा बैल जुंपला तर गाडी म्हाताऱ्याच्याच चालीने चालते. प्रोसेसर हा खेळातील हिशेब करतो : शत्रू कोठे आहे, गोळी कोठे लागली, दार उघडले की नाही. ग्राफिक्स कार्ड त्या हिशेबाचे चित्र काढते. ह्यांतील जो मागे पडेल त्याच्या गतीने खेळ चालतो. कोण मागे पडतो हे ओळखण्याची युक्तीही सोपी आहे. खेळातील ठिपक्यांची संख्या कमी करून पाहावी. गती वाढली तर अडचण ग्राफिक्सची होती. मुळीच वाढली नाही तर प्रोसेसरची. मित्राच्या संगणकावर हा प्रयोग अवश्य करून पाहावा, म्हणजे पैसा कोठे घालावा हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत आपल्याकडे नावाचे फार माहात्म्य आहे. ‘आय सेव्हन’ म्हटले की माना डोलतात. तालुक्याच्या एका दुकानात मला “आय सेव्हन आहे भाऊ, आय थ्री काय घेता?” असे सांगून एक जुने यंत्र गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला. मी त्याचा पूर्ण क्रमांक विचारला, तेव्हा तो निघाला ‘आय सेव्हन २६००’. हा प्रोसेसर जानेवारी २०११ मधील आहे. त्यात चार गाभे व आठ धागे आहेत; आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘आय थ्री १२१००’ ह्या तथाकथित हलक्या प्रोसेसरमध्येही चार गाभे व आठ धागेच आहेत. गाभे तेवढेच, पण मध्ये अकरा वर्षांची सुधारणा असल्यामुळे नवा ‘आय थ्री’ जुन्या ‘आय सेव्हन’ला सहज मागे टाकतो. नावातील पहिला आकडा हे आडनाव समजावे. माणूस कळतो तो पुढच्या आकड्यांवरून. आणि शेवटच्या अक्षराकडेही दुर्लक्ष करू नये. इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असेल तर त्यात चित्र काढण्याची सोयच नसते. वेगळे कार्ड बसविल्याशिवाय पडदा काळाच राहतो. ह्याउलट एएमडीच्या क्रमांकाअखेर ‘जी’ असेल तर त्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स अंगभूत असते.

ह्या एका अक्षरावर माझा सर्व निर्णय येऊन ठेपला होता. एक मार्ग असा : ‘आय थ्री १२१०० एफ’ आणि जुने, वापरलेले ग्राफिक्स कार्ड. आज जास्त गती, पण ज्या भागावर सर्वाधिक पैसा जातो तोच भाग हमीविना. दुसरा मार्ग असा : ‘रायझन ५ ५६००जी’ घ्यावा, ज्यात सहा गाभे, बारा धागे आणि अंगभूत ग्राफिक्स आहे, त्यावर स्पर्धेचे खेळ आजच खेळावेत आणि वेगळे कार्ड पुढच्या हंगामाच्या पैशातून नवे घ्यावे. पहिल्या मार्गात कार्ड बिघडले तर संपूर्ण यंत्र बंद पडते. ज्याच्या घरी दुसरे कार्ड विकत घेण्याची ऐपत आहे त्याने तो मार्ग खुशाल धरावा. मी दुसरा धरला.

ह्या दुसऱ्या मार्गाचेही उणेपण सांगितले पाहिजे. ‘५६००जी’ आणि नुसता ‘५६००’ ही जुळी भावंडे दिसतात, पण तशी नाहीत. ‘५६००’ मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ३२ एमबी आहे, ‘जी’ मध्ये १६ एमबी. शिवाय ‘जी’ ला ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचा रस्ता जुन्या पिढीचा, म्हणजे पीसीआयई ३ चा आहे. ‘५६००’ चा पीसीआयई ४ चा. येथे एक खाचखळगा आहे व तो फारसा कोणी सांगत नाही. ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ हे २०२२ मधील कार्ड स्वस्त म्हणून सुचविले जाते. पण ते ह्या रस्त्याच्या चारच पदऱ्या वापरते आणि त्याची स्मृती अवघी ४ जीबी आहे. रस्ता जुन्या पिढीचा असेल तर प्रत्येक पदरीवरील वाहतूक निम्मी होते आणि चार पदऱ्यांच्या कार्डाचा श्वास कोंडतो. ‘आरएक्स ६६००’ ला आठ पदऱ्या व ८ जीबी स्मृती आहे, त्यामुळे त्याला ही झळ फार थोडी लागते. म्हणजे पुढे कोणते कार्ड घ्यावयाचे हे आज प्रोसेसर घेतानाच ठरवावे लागते. एएम४ ही ज्या खोबणीची जात आहे ती २०१६ पासूनची. आता तिची जागा २०२२ च्या एएम५ ने घेतली आहे. तरीही एएम४ मी निवडली, कारण तिचा मदरबोर्ड आणि तिला लागणारी डीडीआर४ स्मृती माझ्या रकमेत बसत होती. वरचा प्रोसेसर पुढेमागे त्याच खोबणीत बसविता येईल, एवढा दिलासा पुरे आहे.

रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी घ्यावी की ८ जीबीच्या दोन? दुकानदार एकच पट्टी देऊ पाहतो. “दुसरी जागा मोकळी राहील, पुढे वाढवा” असे त्याचे म्हणणे. वेगळे कार्ड असणाऱ्यांचे ह्यात थोडेच नुकसान होते, पण अंगभूत ग्राफिक्सवाल्यांनी हे मुळीच ऐकू नये. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते; ते रॅममधूनच पाणी भरते. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीच्या वाटेने सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन पट्ट्या दोन वाटांनी लावल्या तर ५१.२ जीबी. पाटाला एक दार आणि दोन दारे एवढा हा फरक आहे. तुलनेसाठी सांगतो, ‘आरएक्स ६६००’ ला स्वतःच्या स्मृतीतून सेकंदाला २२४ जीबी मिळतात. त्यावरून वेगळ्या कार्डाला एवढी किंमत का पडते हेही उमगेल. रॅमच्या किमतीबाबत मात्र आम्ही कठीण काळात सापडलो. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी स्मृतीची मागणी एवढी वाढली की, सामान्य ग्राहकाच्या रॅमचे भाव झपाट्याने वर गेले. दूर कोठेतरी कोणी यंत्राला बोलावयास शिकवितो आणि त्यासाठी आमच्या अंदाजपत्रकातील कॅबिनेटचे पैसे रॅमकडे वळवावे लागतात! मागणी-पुरवठ्याचे ह्याहून जिवंत उदाहरण मला सुचत नाही. भाव मी येथे मुद्दामच छापत नाही. हा अंक हाती पडेपर्यंत ते बदललेले असतील.

आता ज्या भागाकडे कोणी पाहत नाही त्याविषयी. त्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. भिंतीतील वीज घेऊन तिचे यंत्राला मानवेल असे रूपांतर करणारा हा डबा. स्वस्त कॅबिनेटबरोबर तो जवळजवळ फुकट मिळतो आणि त्यावर ‘४५० वॅट’ असे ठळक लिहिलेले असते. कागद चिकटविण्यास खर्च येत नाही. खरी क्षमता पाहावयाची तर बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर आहेत ते पाहावे व त्यास १२ ने गुणावे. प्रोसेसरला सुमारे ९०, पुढे येणाऱ्या कार्डाला १३२, इतर भागांना ५० असे धरले तर २७२ वॅट होतात. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, हमी असलेला ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ‘८० प्लस’ हा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, सुरक्षिततेचा नव्हे. तो असावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. आमच्याकडे रात्री शेतीपंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात आणि ते बंद झाले की एकदम पांढरे होतात. अशा विजेवर हलका एसएमपीएस स्वतः तर जातोच, जाताना मदरबोर्डालाही नेतो. पत्र्यांचे पैसे ज्यात घातले ते यंत्र एका डब्यापायी गमावणे मला परवडणारे नव्हते. म्हणून प्रोसेसरखालोखाल विचार मी ह्याच भागाचा केला. त्याआधी वायरमनला बोलावून घराला अर्थिंग करून घेतले. घरातील तीन भोकांच्या प्लगचे तिसरे भोक आजवर नुसते शोभेचे होते. त्याखेरीज ६०० व्हीएचा एक लहान यूपीएस घेतला. सहाशे म्हटले तरी तसा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि तोही काही मिनिटे. त्याचे काम खेळ चालू ठेवणे नसून यंत्र रीतसर बंद करावयास उसंत देणे हे आहे.

साठवणुकीसाठी ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी घ्यावा. जुनी फिरती हार्ड डिस्क मुख्य म्हणून घेऊ नये. कॅबिनेटबद्दल एवढेच की, पुढून हवा आत येण्यास जाळी असावी. रंगीत दिव्यांचे पंखे वरातीत शोभतात.

जुन्या मालाविषयी दोन शब्द. २०२१ च्या सुमारास आभासी चलन खणण्यासाठी ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस राबविली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम ह्या चलनाने ती पद्धत सोडली आणि ती दमलेली कार्डे बाजारात आली. त्यांतील सगळीच वाईट असतात असे नाही. परंतु घेताना समोर चालवून, अर्धा तास खेळ लावून, पंख्याचा आवाज व तापमान पाहूनच घ्यावे. कचेऱ्यांतून निघालेली जुनी यंत्रेही स्वस्त मिळतात. त्यांचे दोन दोष आहेत. त्यांचा एसएमपीएस व मदरबोर्ड बहुधा खास आकाराचे असतात, त्यामुळे पुढे वाढविण्यास वाव राहत नाही. दुसरे असे की, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी व टीपीएम २ ही सुरक्षेची सोय लागते. ‘व्हॅलोरंट’ तर विंडोज ११ वर ह्या सोयीवाचून उघडतच नाही. ते लिनक्सवरही चालत नाही. नुसते कथांचे खेळ खेळणाऱ्याला लिनक्स मात्र आता वाईट नाही.

खरेदी आम्ही २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला लॅमिंग्टन रोडवर केली. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या ह्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने विचारले तर कोणी वाट दाखवीत नाही. माझे मामा मुंबईत रखवालदार आहेत. त्यांनी एक दिवसाची रजा घेतली. त्यांना संगणकातले काही कळत नाही, परंतु माणसांतले कळते. एका ठिकाणी बिलाशिवाय आठशे रुपये कमी सांगितले, तेव्हा मला मोह पडण्याआधीच मामा म्हणाले, “भाचेबुवा, बिल नाही तिथं माणूस नाही. चला पुढं.” ते योग्यच होते. संगणकाच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचतो हे खरे. परंतु हमीचा दावा बिलावाचून उभा राहत नाही. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला. पडदा जुना, पण समोर लावून तपासलेला घेतला. नव्या पडद्याला रक्कम उरली नव्हती. सर्व मिळून ३९,४०० रुपये झाले.

खेळाच्या घरापेक्षा गेमिंग कॅफेत तासाला ४० रुपये देऊन खेळणे स्वस्त नव्हे काय, असे एका मित्राने विचारले. हिशेब केला : ४०,००० भागिले ४० म्हणजे १,००० तास. रोज तीन तास धरले तर अकरा महिन्यांत पैसे फिटतात, असे कोणीही सांगेल. पण ही लबाडी आहे. कारण कॅफेत आम्ही रोज तीन तास कधीच गेलो नसतो. आठवड्याला चार तास धरले तर २५० आठवडे, म्हणजे पावणेपाच वर्षांहून अधिक काळ लागतो. नुसत्या खेळाच्या हिशेबाने संगणक महागच पडतो. आमच्या बाबतीत त्यावर बहिणीचे प्रवेश-अर्ज होतात, ह्या लेखाचे टंकलेखन झाले, शेजाऱ्यांचे सातबारे निघतात. म्हणून तो परवडतो.

आईचा प्रश्न निराळा होता : बिल किती येईल? आमचा वापर महिन्याला सुमारे ७० युनिट आहे आणि १०० च्या वरील युनिटांना दर चढा लागतो. आजचे यंत्र पडद्यासह सुमारे १२५ वॅट घेते. रोज तीन तास म्हणजे महिन्याला ११.२५ युनिट. वेगळे कार्ड आले की २५० वॅट धरावेत, मग २२.५ युनिट. सत्तरात मिळविले तरी शंभराच्या आत. परंतु मे महिन्यात पंखे दिवसभर चालतात व वापर ८५ वर जातो, तेव्हा बेरीज १०७.५ होते. हा आकडा मी वहीत दाखविला. आईने अक्षरे न वाचता आकडे वाचले आणि कार्ड येईल तेव्हा येवो, पण मे महिन्यात दीडच तास, असे आजच सांगून ठेवले आहे.